हजार तक्रारी, एक वकीलपत्र: बार कौन्सिलला जालन्याहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, मुंबई

जुना जालना

महोदय,

जालन्यात बियाण्याच्या वाणांची वानवा नाही, वकिलांचीही नाही. फौजदारी वकील आहेत, जमिनीच्या वादांत केस पांढरे केलेले आहेत, समृद्धी महामार्ग आल्यापासून भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची कामे करणारे आहेत, धनादेश न वटल्याच्या खटल्यांवर ऑफिस चालवणारे आहेत. पण मक्तेदारीविरोधी खटले आणि ग्राहकांच्या सामूहिक तक्रारी एवढ्यावरच ज्याचे घर चालते, असा एक तरी वकील कौन्सिलने या जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आवारात शोधून पाहावा. अमेरिकेत ही वकिलीची रुळलेली शाखा आहे. तरुण तिच्यात शिरतात, तिच्यात मुरतात, तिच्यातच निवृत्त होतात. इकडे याच कामाला ‘समाजसेवा’ म्हणतात आणि ते रविवारी करायचे असते.

हे पत्र जालन्याहून का, हा प्रश्न रास्त आहे. भारतातल्या शेतीशी निगडित सर्वांत मोठ्या स्पर्धा-खटल्याचे मूळ याच गावात आहे, हे त्याचे उत्तर.

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, काढली. संकरित बियाणे खासगी कंपनीने तयार करून विकावे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. बारवाल्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि 2001 मध्ये पद्मभूषण मिळाले. महिकोमागोमाग इतर कंपन्या, प्रक्रिया केंद्रे, बीजोत्पादक शेतकरी असा सगळा पसारा उभा राहिला आणि ‘जालना सोने का पालना’ या जुन्या म्हणीला बियाण्याची नवी जोड मिळाली. अमेरिकेच्या मोन्सँटोने 1998 मध्ये महिकोत 26 टक्के भागभांडवल घेतले. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक ही वेगळी कंपनी उभी केली. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली, तीही महिकोच्याच तीन संकरित वाणांना. काही वर्षांतच चाळीसहून अधिक भारतीय बियाणे कंपन्या या संयुक्त कंपनीकडून बोंडअळीरोधक जनुकाचा परवाना घेऊन बियाणे विकू लागल्या. पाकिटावर नाव कोणाचेही असो, आतल्या तंत्रज्ञानाचे शुल्क एकाच ठिकाणी जात होते. या शुल्काला व्यापारात ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात.

या शुल्कावरून पहिली लढाई 2006 मध्ये झाली. तेव्हा 450 ग्रॅमचे पाकीट सुमारे 1,600 ते 1,850 रुपयांना मिळत होते आणि त्यात मोठा वाटा ट्रेट व्हॅल्यूचा होता. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगाकडे गेले. 11 मे 2006 च्या अंतरिम आदेशात आयोगाने कंपनीला पाकिटामागे 900 रुपयांचे शुल्क घेऊ नका, चीनसारख्या शेजारी देशात आकारता त्या धर्तीवर वाजवी शुल्क ठरवा, असे सांगितले. आंध्रने पाकिटाची कमाल किंमत 750 रुपयांवर आणली. महाराष्ट्राने पुढे 2009 चा कापूस बियाणे अधिनियम करून किंमत ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

दुसरी लढाई मोठी आणि लांबलेली. नुझिवीडू सीड्स ही हैदराबादची परवानाधारक कंपनी आणि केंद्राचे कृषी मंत्रालय 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्र तोवर बीटीखाली होते. 10 फेब्रुवारी 2016 च्या आदेशात आयोगाने प्रथमदर्शनी निष्कर्ष काढला: बीटी कापूस तंत्रज्ञानाच्या परवान्यांच्या बाजारात महिको मोन्सँटो बायोटेकचे वर्चस्व दिसते, करारातल्या अटी जाचक वाटतात, महासंचालकांनी चौकशी करावी. प्रथमदर्शनी म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, आणि तो पुढे सिद्ध झालाही नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2020 मध्ये एकल न्यायमूर्तींनी आयोगाला चौकशीचा अधिकार आहे असे म्हटले. 13 जुलै 2023 रोजी खंडपीठाने उलट निकाल दिला. पेटंटधारकाने परवान्यात गैरवाजवी अटी घातल्या तर त्यावरचा इलाज पेटंट कायद्यातच आहे, तिथे स्पर्धा आयोगाने शिरू नये, असे खंडपीठाचे म्हणणे. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. मोन्सँटो विकत घेणारी बायर आणि नुझिवीडू यांनी त्याआधीच, 2021 मध्ये, आपसात तडजोड केली होती.

दरम्यान सरकारने डिसेंबर 2015 चा किंमत नियंत्रण आदेश वापरून ट्रेट व्हॅल्यू 2016 मध्ये 49 रुपयांवर, 2018 मध्ये 39 वर, 2019 मध्ये 20 वर आणि 2020 मध्ये शून्यावर आणली. दहा वर्षांच्या वकिली युद्धाने जे ठरले नाही ते एका मंत्रालयाच्या अधिसूचनांनी ठरले. शुल्क खरेच अवाजवी होते का, या मूळ प्रश्नाचा न्यायनिवाडा मात्र राहूनच गेला. ज्यांच्याकडे वकील होते त्यांनी तडजोड केली. ज्याने ते पाकीट विकत घेऊन सरकी टोबली, तो भोकरदनचा किंवा घनसावंगीचा शेतकरी त्या तडजोडीच्या टेबलाजवळ कुठेही नव्हता.

असाच शेतकरी अमेरिकेतल्या आयोवात असता तर काय झाले असते? स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीने अमेरिकेत जनुकीय बदल केलेले मक्याचे एक वाण चीनची मंजुरी येण्याआधी बाजारात आणले. 2013 मध्ये चीनने अमेरिकी मक्याची जहाजे नाकारली, भाव पडले, आणि ज्यांनी ते वाण पेरलेही नव्हते त्यांचेही नुकसान झाले. शेतकऱ्यांनी सामूहिक दावे लावले. शेवटी 1.51 अब्ज डॉलरची तडजोड ठरली आणि डिसेंबर 2018 मध्ये कॅन्ससच्या संघीय न्यायालयाने तिला मान्यता दिली. त्यातून सुमारे एक तृतीयांश, म्हणजे 50 कोटी डॉलरच्या आसपास, वकिलांच्या फीपोटी गेले. आकडा ऐकून भुवया उंचावतील, उंचावाव्यातही. पण त्या वकिलांनी काही वर्षे स्वतःच्या खिशातून तज्ज्ञ नेमले, कागद गोळा केले, साक्षी घेतल्या. शेतकऱ्याला आधी काही मोजावे लागले नाही. हा दावा मक्तेदारीचा नव्हता. मक्तेदारीचा असेल तर तिकडे आणखी एक ताकद मिळते: 1914 च्या क्लेटन कायद्यानुसार सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई. सामूहिक दाव्यांचा नियम 23 हा 1966 मध्ये आजच्या रूपात आला आणि या दोन चाकांवर वकिलीची एक अख्खी शाखा धावू लागली. तिच्यात गैरप्रकारही आहेत. ग्राहकाच्या हाती सवलतीचे कूपन आणि वकिलाच्या हाती लाखो डॉलर, अशा तडजोडी तिकडे बदनाम आहेत. तरीही कंपनीच्या कायदा विभागाला ज्या फोनची धास्ती वाटते, तो फोन करणारा माणूस तिथे आहे.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. तो कमी पडतो म्हणून ओरड करण्याची गरज नाही, कारण तो बराच पुरेसा आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35(1)(क) नुसार एकसारखे हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. उदाहरणादाखल हिशेब मांडू. 2025 च्या खरिपात बीजी-2 या बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. एकाच वाणाच्या एकाच लॉटने फसवलेले हजार शेतकरी, प्रत्येकाची चार पाकिटे, म्हणजे एकूण 36 लाख 4 हजार रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा मोजलेल्या किमतीवर ठरते आणि ती 50 लाख आहे. सगळ्यांची किंमत एकत्र धरली तरी तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगातच बसते. तिची फी 1,000 रुपये, म्हणजे माणशी एक रुपया. भरपाई मागताना मात्र पाकिटाच्या किमतीपुरते थांबायचे कारण नाही. बुडालेल्या पिकाची मागणी करता येते.

नुकसान झालेले ग्राहक सहज ओळखता येत नसतील तर कलम 39 आयोगाला आणखी एक अधिकार देते: सदोष मालाच्या विक्रीमूल्याच्या किमान 25 टक्के रक्कम भरायला लावण्याचा. 1986 च्या कायद्यात हा आकडा 5 टक्के होता. कलम 16 नुसार ग्राहकांच्या एका संपूर्ण वर्गाच्या हक्कभंगाची चौकशी जिल्हाधिकारी करू शकतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. स्पर्धा कायद्यात पाहावे तर व्यक्तीला किंवा ग्राहक संघटनेला 5,000 रुपये भरून स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करता येते. दोष सिद्ध झाल्यावर कलम 53-एन नुसार अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, आणि त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार ती अनेकांच्या वतीने एकाला मागता येते.

न्यायालयांनीही शेतकऱ्याची बाजू पुष्कळदा घेतली आहे. पहिले उदाहरण खुद्द जालन्याच्या कंपनीचे. आंध्रातल्या एका शेतकऱ्याविरुद्ध महिकोने केलेल्या अपिलात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य ग्राहक आयोगाचा तर्क मान्य केला. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही म्हणून तक्रार फेटाळा, असे कंपनीचे म्हणणे होते. शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी मूठभर बाजूला ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून कशी करणार. नमुना कंपनीने पुढे करायला हवा होता, असा तो तर्क. जानेवारी 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात न्यायमूर्ती सिंघवी यांच्या खंडपीठाने आणखी पुढचे ठरवले. शेतकरी हा ग्राहकच आहे, पीक विकून पैसे मिळवतो म्हणून तो ‘व्यापारी हेतूने’ खरेदी करणारा ठरत नाही, आणि बियाणे कायदा आहे म्हणून ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही.

मग हजार शेतकऱ्यांची एक तक्रार जालन्यात का दिसत नाही? 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही, हजारो तक्रारी आल्या, दुबार पेरणीची वेळ आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारावा लागला. न्यायालयाने स्वतःहून दखल घेणे स्तुत्य आहे, पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते: दखल घ्यायला लावणारा वकील तिथे आधी पोचलेला नव्हता.

याचे एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. सामूहिक तक्रार म्हणजे एकाच मजकुराच्या हजार प्रती नव्हेत. सर्वांचे हित एकसारखे आहे हे तक्रारीतच मांडावे लागते. 2021 च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात 1,134 सदनिकांच्या संकुलातल्या 51 सदनिकांच्या 91 खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. हितसाम्याचा तपशीलच दिलेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती सामूहिक मानली नाही. त्या 91 जणांची संयुक्त तक्रार म्हणून पुढे चालू दिली. बियाण्याच्या बाबतीत हे आणखी अवघड. एकाने मध्यम जमिनीत टोबणी केलेली, दुसऱ्याने हलक्या. एकाकडे पहिला पाऊस चांगला, दुसऱ्याकडे महिनाभर दडी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचा पंचनामा ‘उगवण कमी’ एवढेच म्हणून थांबला, तर कंपनी पावसावर बोट ठेवते. हरियाणा बियाणे विकास महामंडळाच्या 2005 च्या खटल्यात पाहणी अहवालातून बियाण्याचा दोष दिसत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला होता. म्हणजे लॉट क्रमांक जुळवणे, पक्क्या पावत्या गोळा करणे, समिती शेतात येते त्या दिवशी बांधावर उभे राहून पंचनाम्यात योग्य नोंद करून घेणे, हे सगळे वकिलाने खटल्याआधी करायचे काम. आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

स्पर्धेच्या खटल्यात श्रम याहून अधिक. खरीप तोंडावर आला की मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ‘लिंकिंग’ म्हणजे काय हे विचारा. युरिया किंवा डीएपी हवा तर सोबत न मागितलेले दुसरे काहीतरी घ्या. मागणी असलेल्या वाणाच्या पाकिटाबरोबर न खपणाऱ्या वाणाचे पाकीट घ्या. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, वरूनच तसे आले. दरवर्षी निवेदने दिली जातात, कृषी विभाग इशारे देतो, पेरण्या आटोपतात, विषय मिटतो. स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) मध्ये अशा जोडविक्रीच्या कराराचे नाव घेऊन उल्लेख आहे. पण तो सिद्ध करायचा तर बाजाराची व्याख्या करावी लागते, कंपनीपासून वितरकापर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत दबाव कसा उतरतो याचे कागद जमवावे लागतात, अर्थतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते, दिल्लीत आयोगापुढे बाजू मांडावी लागते. 2023 च्या दुरुस्तीने माहिती दाखल करायला तीन वर्षांची मुदतही घातली आहे. हे काम निवेदनावर सह्या गोळा करण्याने होत नाही.

दुसरे कारण कौन्सिलच्या दाराशी येते, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

1961 च्या अधिवक्ता कायद्याखाली केलेल्या भारतीय बार कौन्सिलच्या नियमांत आचारसंहितेचा विसावा नियम आहे. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये. छत्तिसावा नियम जाहिरात करायला आणि पक्षकार गोळा करायला मनाई करतो. दोन्ही नियमांमागचा हेतू चांगला आहे. वाट्याच्या फीची बंदी नियमपुस्तकाहूनही जुनी आहे. 1954 मध्ये मुंबईच्या एका वकिलावर निम्म्या वाट्याचा करार केल्याबद्दल कारवाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते गैरवर्तनच ठरवले. गंमत अशी, की त्याच निकालात न्यायालयाने म्हटले होते: हाच करार वकील नसलेल्या दोघांनी केला असता तर त्यात आक्षेपार्ह काही नव्हते.

हा फरक आजही टिकून आहे. वकील नसलेल्या त्रयस्थाने खटल्याला पैसा पुरवून निकालानंतर तो परत घ्यायला भारतात बंदी दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या बालाजी प्रकरणात नमूद केले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये दुरुस्ती करून खटल्याला पैसा पुरवणाऱ्याची दखल घेणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र आहे. म्हणजे जालन्यातला एखादा सावकार हजार शेतकऱ्यांच्या खटल्यात पैसे घालून त्यातून वाटा घेऊ शकतो. त्याच खटल्यासाठी तीन वर्षे गावोगाव फिरणारा वकील तो घेऊ शकत नाही.

प्रत्यक्षात टक्केवारी नाही असेही नाही. 2017 च्या बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा या प्रकरणात अपघात भरपाईच्या रकमेवर टक्केवारीने फी उकळण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असे सांगतानाच न्यायालयाने फीच्या नियमनाची गरज सरकारपुढे मांडली. एकेकट्या, घाबरलेल्या पक्षकाराकडून अंधारात घेतली जाणारी टक्केवारी थांबत नाही आणि हजारांच्या वतीने आयोगासमोर उजेडात ठरवता येईल अशी फी मात्र निषिद्ध, अशी आजची स्थिती आहे.

यामुळेच आपल्याकडच्या गाजलेल्या सामूहिक ग्राहक तक्रारी बहुतांशी सदनिकाधारकांच्या आहेत. अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने 2016 मध्ये नियम स्पष्ट केले, तेही सदनिकांच्याच वादात. तिथे एकेकाचे काही लाख, काही कोटी अडकलेले असतात. रहिवासी वर्गणी काढून चांगला वकील लावतात. 3,604 रुपयांची पाकिटे घेतलेला शेतकरी वर्गणी कसली काढणार? आणि त्याच्याकडून शंभर-दोनशे रुपये गोळा करत फिरणारा वकील घर कसे चालवणार?

महाराष्ट्राने ही पोकळी स्वयंसेवकांनी भरली. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ॲड. शिरीष देशपांडे यांच्यासारख्या वकिलांनी त्यात दशके घातली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण निष्ठेवर संघटना चालते तशी एक अख्खी व्यवसायशाखा चालत नाही. समोरच्या कंपनीचा वकील तासाचे पैसे घेतो. इकडचा वकील दुपारी धनादेशाच्या केसची तारीख आटोपून, चहा घेऊन, मग हजार प्रतिज्ञापत्रे चाळायला बसतो.

ग्राहक कल्याण निधी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम 97 मध्ये ग्राहकाचा किंवा ग्राहकांच्या गटाचा कायदेशीर खर्च भरून देण्याची तरतूदही आहे. पण ती निवडक प्रकरणांत आणि अंतिम निकाल लागल्यानंतर. अंतिम निकाल म्हणजे जिल्हा आयोग, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि जमल्यास सर्वोच्च न्यायालय. तोवर टायपिंगचे, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचे, प्रयोगशाळेचे पैसे कोणी द्यायचे याचे उत्तर त्या नियमात नाही.

आक्षेप ठाऊक आहेत. वाट्याची फी आली की दलाल येतील, गावोगाव कोऱ्या वकीलपत्रांवर अंगठे घेतले जातील, वकील लवकर पैसे मिळावेत म्हणून स्वस्तात तडजोड करेल, खोट्या तक्रारींनी चांगल्या बियाणे कंपन्याही जेरीस येतील. जालन्याला शेवटची भीती जास्त, कारण इथे हजारो घरे बियाण्याच्या धंद्यावर जगतात. हे आक्षेप खोटे नाहीत. पण सामूहिक तक्रारीत निम्मे कुंपण आधीच घातलेले आहे. तक्रारीलाच परवानगी लागते, म्हणजे पोकळ तक्रार दारातच अडते. दिवाणी संहितेचा आदेश 1, नियम 8 लागू होतो, म्हणून सर्व संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय तडजोड करता येत नाही. उरलेले कुंपण फीभोवती घालायचे आहे, आणि ते कौन्सिलच्या अखत्यारीतले काम आहे.

म्हणून तीन मागण्या.

पहिली. विसाव्या नियमाला मर्यादित अपवाद करावा, अशी शिफारस महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने भारतीय बार कौन्सिलकडे करावी. अपवाद फक्त दोन ठिकाणी: ग्राहक कायद्याच्या कलम 35(1)(क) खालची परवानगी मिळालेली तक्रार आणि स्पर्धा कायद्याच्या कलम 53-एन(4) खालचा भरपाईचा अर्ज. फी वकील आणि पक्षकार यांनी आपसात ठरवायची नाही. निकालानंतर आयोगाने किंवा न्यायाधिकरणाने, केलेल्या कामाचा हिशेब पाहून, वसूल झालेल्या रकमेतून ठरवावी. तिला नियमातच कमाल टक्का असावा. आणि शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे जमा झाल्याशिवाय वकिलाला एक रुपयाही मिळू नये.

दुसरी. परवानगी मिळालेल्या सामूहिक तक्रारीच्या जाहीर नोटिशीत वकिलाचे नाव, पत्ता आणि शेतकऱ्याने कोणती कागदपत्रे आणायची हे छापणे म्हणजे छत्तिसाव्या नियमाचा भंग नव्हे, असे कौन्सिलने परिपत्रक काढून स्पष्ट करावे. ग्राहक कल्याण निधीतून अशा तक्रारींना निकालाआधी खर्चाची उचल मिळावी, यासाठी कौन्सिलने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला पत्रही लिहावे.

तिसरी. छत्रपती संभाजीनगरला 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, जालन्याहून तासाभराच्या अंतरावर. त्याच्याशी करार करून कौन्सिलने मराठवाड्यातल्या जिल्हा न्यायालयांतल्या तरुण वकिलांसाठी मराठीतून एक अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात कलमे कमी आणि कामे जास्त असावीत: हितसाम्य कसे मांडायचे, पंचनाम्याच्या वेळी काय मागायचे, लिंकिंगचा पुरावा कसा जपायचा, स्पर्धा आयोगाकडची माहिती कशी लिहायची. कृषी विद्यापीठातला बीजशास्त्रज्ञ आणि एक अर्थतज्ज्ञ शिकवायला असावेत. बियाणे कंपन्यांच्या वकिलांनाही बोलवावे; समोरची बाजू कशी लढते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

पुढच्या खरिपाची बियाणे-विक्री जालन्यात मे महिन्यात सुरू होईल. त्याआधीच्या कौन्सिलच्या बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर यावा, ठराव मांडला जावा, त्यावर मतदान व्हावे. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत आणि नामंजूर झाला तर नामंजुरीची कारणे, दोन्हींपैकी जे असेल ते जालना जिल्हा वकील संघाच्या सूचनाफलकावर लावण्यासाठी पाठवावे, ही विनंती.

कळावे,
जुन्या जालन्यातला एक नागरिक